साखळी सोडणारे हात

मी ज्या मनोरुग्णालयात तेहतीस वर्षे नोकरी केली, तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत एका जुन्या फ्रेंच चित्राची प्रत टांगलेली होती. तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने १८७६ साली काढलेले ते चित्र. पॅरिसमधल्या साल्पेत्रिएर या स्त्रियांच्या रुग्णालयाचे अंगण आहे. मधोमध केस विस्कटलेली एक तरुण स्त्री उभी आहे. शेजारी काळ्या पोशाखातले डॉक्टर फिलिप पिनेल उभे आहेत आणि दुसरी एक स्त्री वाकून त्यांच्या हाताचे चुंबन घेते आहे. खोलीत येणारा प्रत्येक पाहुणा पिनेलकडे पाही. माझी नजर मात्र पहिल्या दिवसापासून त्या तरुणीच्या मागे उभ्या असलेल्या माणसावर जायची. तिच्या कमरेचा लोखंडी पट्टा सोडवण्यात तो गुंतलेला आहे. त्याचे कुणाकडेही लक्ष नाही. मला वाटे, हा आमच्यातला दिसतो.

आमच्यातला म्हणजे परिचर. लोक वॉर्डबॉय म्हणतात, गावाकडे तर मला वेड्यांचा शिपाई म्हणत. मी निलंग्याजवळच्या एका खेड्यातला. १९७८ साली नोकरीला लागलो, २०११ साली निवृत्त झालो आणि आता निलंग्यातच राहतो. सकाळी निळकंठेश्वराच्या देवळापर्यंत फिरून येतो. ओट्यावर बसलेली जुनी मंडळी अजून विचारतात, काय हो, वेडे मारतात का? मी सांगतो की तेहतीस वर्षांत मी दोनदाच मार खाल्ला आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. कुणाचा विश्वास बसत नाही.

रोग्याचा तोल जाण्याआधी ते ओळखणे आणि तो जाऊ न देणे, हेच आमचे खरे काम असते. परदेशात या कामासाठी आता वेगळे शिक्षण देतात, वेगळी पदेही असतात. आम्ही ते पाहून पाहून शिकलो. एखादा रोगी सकाळपासून येरझाऱ्या घालतो आहे, ताट परत पाठवतो आहे, मुठी वळतो आहे, तर समजावे की संध्याकाळपर्यंत काहीतरी होणार. अशा वेळी त्याच्या हातभर अंतराबाहेर उभे राहायचे, अगदी समोर न राहता जरा तिरके. आपले हात त्याला दिसले पाहिजेत आणि त्याचा दाराकडचा रस्ता अडता कामा नये. बाकीच्या रोग्यांना हलकेच दुसरीकडे न्यायचे. बोलायचे एकानेच, हळू आवाजात, त्याचे नाव घेऊन. पाणी हवे का, हे विचारायचे. एवढे शांतपणे केले की दहातल्या बऱ्याच वेळा इंजेक्शनची आणि दोरीची गरज पडत नाही. ही रीत कुणी घालून दिली, याचा शोध घेत गेलो तेव्हा त्या चित्रातली दोन माणसे मला नव्याने भेटली.

फिलिप पिनेलचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये झाला. वडील शस्त्रवैद्य होते. मुलाने धर्मगुरू व्हावे म्हणून त्याला आधी तसे शिक्षण मिळाले, पण त्याचे मन त्यात रमले नाही. १७७३ साली त्याने तूलूझ येथे वैद्यकाची पदवी घेतली, पुढे मोंपेल्येला अभ्यास केला आणि १७७८ साली तो पॅरिसला आला. तिथे त्याच्या पदवीला कुणी विचारीना. पॅरिसमध्ये व्यवसाय करण्याची परवानगी तूलूझच्या पदवीधराला नव्हती. ऐन तिशीतला हा डॉक्टर गणिताच्या शिकवण्या करू लागला, इंग्रजी वैद्यकग्रंथांची भाषांतरे करू लागला, आरोग्यविषयक एका नियतकालिकाचे संपादन करू लागला. शहरात पदवी चालत नाही, म्हणून परत गावी जावे तर तोंड कसे दाखवावे, ही अवस्था आपल्याकडच्या कितीतरी मुलांना ठाऊक आहे. पिनेलची त्या अवस्थेत जवळजवळ पंधरा वर्षे गेली.

याच काळात एक घटना घडली. त्याच्या ओळखीचा एक तरुण मित्र मनाने खचत गेला आणि पुढे त्याला वेडाचे झटके येऊ लागले. त्याच्यावर रुग्णालयात उपचार व्हावेत असे पिनेलला वाटत होते. पण आईवडिलांनी मुलाला घरी नेले. एका रात्री तो घरातून पळाला, रानात शिरला आणि नंतर त्याचे प्रेतच सापडले. ही गोष्ट पिनेलच्या मनातून गेली नाही. मनाच्या आजारांकडे तो वळला तो या मृत्यूनंतर. पॅरिसमधल्या एका खासगी उपचारगृहात तो मनोरुग्णांना तपासू लागला, त्यांच्या नोंदी ठेवू लागला.

इथे मला माझ्या आप्पांबद्दल सांगितले पाहिजे. आप्पा माझे धाकटे चुलते. त्यांना बाहेरचे लागले आहे असे घरात म्हणत. देवऋषी झाले, अंगारे झाले, दोन ठिकाणी नेऊन बसवून झाले. एकदा त्यांनी रागाच्या भरात कडब्याची गंज पेटवली आणि त्या दिवसापासून आजोबांनी त्यांना गोठ्यात साखळीने बांधले. बैलाच्या शेजारच्या खुंट्याला. आजी दोन वेळा पितळीत भाकरी-कालवण घेऊन जायची. ती जवळ बसली की आप्पा शांतपणे जेवत. मी सात-आठ वर्षांचा असेन. घोट्याभोवतीच्या जखमेवर आजी हळद लावायची ते मला आठवते. आमच्या घरातली माणसे दुष्ट नव्हती. ती भ्यालेली होती आणि त्या वेळी मराठवाड्यातल्या माणसाला मनोरुग्णालय म्हणजे पुण्याची वाट, ती वाट कुणी पाहिलेली नव्हती. आप्पा त्या साखळीतच गेले. माझ्या वडिलांनी साखळी विहिरीत टाकली आणि पुढे तो विषय घरात कधी निघाला नाही.

पिनेलचे दैव पालटले ते फ्रेंच राज्यक्रांतीने. जुने नियम मोडले, जुनी माणसे गेली. २१ जानेवारी १७९३ रोजी राजा सोळावा लुई याचा शिरच्छेद झाला, तेव्हा पिनेल नागरिक-सैनिक म्हणून तिथे हजर होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पॅरिसजवळच्या बिसेत्र येथे डॉक्टर म्हणून रुजू झाला. बिसेत्र हे एकाच वेळी रुग्णालय, अनाथालय आणि तुरुंग होते. म्हातारे, भिकारी, गुन्हेगार आणि वेडे पुरुष सगळे तिथे कोंबलेले. मनोरुग्णांच्या विभागात सुमारे दोनशे माणसे होती आणि त्यांतली काही साखळीत होती.

या विभागाचा कारभार पाहणारा माणूस होता झाँ-बाप्तिस्त प्युसँ. तोही पिनेलच्याच वयाचा, १७४५ सालचाच. पण वैद्यकाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो कातडी कमावणारा कारागीर. गंडमाळा झाल्या म्हणून तो उपचारासाठी बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तिथेच राहून काम करू लागला. १७८५च्या सुमारास मनोरुग्णांचा विभाग त्याच्याकडे आला. बायको मार्गरित त्याच्याबरोबर काम करी.

प्युसँने पुस्तके वाचून काही ठरवले नव्हते. तो रात्रंदिवस रोग्यांत वावरत होता. बरे झालेल्या रोग्यांतूनच तो परिचर निवडू लागला, कारण ज्याने ते दुःख भोगले आहे तो दुसऱ्यावर हात उगारणार नाही असा त्याचा अनुभव होता. रोग्याला मारायचे नाही, त्याने मारले तरी उलट मारायचे नाही, हा त्याने घातलेला नियम होता. कुणी हातात शस्त्र घेऊन बिथरला तर प्युसँ स्वतः पुढे जाई, त्याच्याशी बोलत राही, त्याची नजर आपल्यावर खिळवून ठेवी आणि तेवढ्यात बाकीचे परिचर बाजूंनी सावकाश जवळ येऊन त्याला इजा न करता धरत. मार्गरित तर सगळ्यांत भडकलेल्या रोग्यांतही निर्भयपणे जाई, गोड बोलून त्यांना जेवू घाली. हे वाचताना मला आजी आठवली. गोठ्यात आप्पांजवळ जायला सारे घर भीत होते, ती मात्र जवळ जाऊन बसत होती.

पिनेल तिथे आला तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, विद्वान होता, वरच्या पदावर होता. अशा डॉक्टरने कातडी कमावणाऱ्या माणसाला बाजूला सारले असते तर कुणाला नवल वाटले नसते. पिनेलने उलट केले. तो प्युसँच्या मागे मागे वॉर्डात फिरू लागला. रोग्यांशी बसून बोलू लागला आणि रोज पाहिलेले लिहू लागला. रक्त काढणे, जुलाब देणे या तेव्हाच्या चालू उपायांवरचा त्याचा विश्वास उडत गेला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत रुग्णालयाची भाकरी कापली गेली, तेव्हा उपाशी रोग्यांचे झटके वाढले आणि मृत्यूही वाढले, ही नोंद त्याने केली. १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या आमच्या पिढीला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही.

त्याच्या नोंदींत एका शिंप्याची हकिगत आहे. राजाच्या शिक्षेबद्दल हा शिंपी काहीतरी बोलून गेला आणि आता आपलाही शिरच्छेद होणार या भीतीने त्याचे मन फिरले. त्याने खाणे सोडले, फरशीवर पडून राही. पिनेलने आधी त्याला इतर रोग्यांचे कपडे शिवायला दिले, त्याची मजुरी ठरवून दिली. माणूस सुधारू लागला. पुढे भीती पुन्हा डोके वर काढू लागली तेव्हा पिनेलने तीन डॉक्टरांना न्यायाधीशांचा पोशाख घालून खोटे न्यायासन मांडले आणि शिंप्याला निर्दोष सोडल्याचा निकाल सुनावला. त्याला बरे वाटले. पण पुढे आजार पुन्हा उलटला. पिनेलने आपले यश लिहिले तसे हे अपयशही लिहून ठेवले. म्हणूनच त्याच्या बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास बसतो.

सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे की, पिनेलने क्रांतीच्या एका भयंकर पुढाऱ्याला तोंड देऊन एका दिवसात बिसेत्रच्या रोग्यांच्या साखळ्या तोडल्या. ही दंतकथा आहे. त्याच्या मुलाने, शिपियोंने, आणि एस्किरॉल या त्याच्या शिष्याने ती रुजवली. प्रत्यक्षात पिनेल १७९५ साली बिसेत्र सोडून साल्पेत्रिएरला गेला होता. बिसेत्रमधल्या साखळ्या १७९७ साली निघाल्या आणि त्या काढल्या प्युसँने. त्यांच्याऐवजी त्याने लांब बाह्यांचा, मागे बांधायचा जाड कापडी सदरा आणला. म्हणजे बंधन पूर्ण गेले नाही. पण साखळीतला माणूस अंगणात फिरू लागला आणि उन्हात बसू लागला.

साल्पेत्रिएरला गेल्यावर पिनेलला प्युसँची उणीव जाणवली. तो त्याला मागत राहिला. अखेर १८०२ साली प्युसँ आणि मार्गरित साल्पेत्रिएरला आले. त्याआधीच पिनेलचा मानसिक आजारांवरचा मोठा ग्रंथ बाहेर पडला होता आणि त्यात त्याने प्युसँचे नाव घेऊन, त्याच्या रीतींचे वर्णन करून, आपण त्याच्याकडून शिकलो हे छापून टाकले होते. युरोपभर वाचल्या गेलेल्या ग्रंथात एका परिचराला हे श्रेय मिळाले. माझ्या मते पिनेलचा मोठेपणा इथे आहे. साखळ्या तोडल्याची कथा खोटी ठरली तरी तो मोठेपणा कमी होत नाही.

मला हे सारे कळले ते एका लाजिरवाण्या रात्रीनंतर. १९८४चा उन्हाळा. वॉर्डात आम्ही तिघे असायला हवे होतो, होतो दोघे. एक तरुण, अंगापिंडाने दांडगा रोगी संध्याकाळपासून खिडकीपाशी उभा होता आणि काहीतरी मागत होता. आवाज चढू लागला तसे आम्ही घाबरलो. आम्ही काही विचारले नाही. चादरी पिळून त्याचे हात खाटेला बांधले आणि पहाटेपर्यंत तसेच ठेवले. सकाळी डॉक्टर आले, मनगटावरचे लाल वळ त्यांनी पाहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की हा काय मागत होता. आम्हां दोघांनाही सांगता आले नाही. नंतर त्या तरुणानेच सांगितले. त्या दिवशी भाऊ येणार होता आणि खिडकीतून शेवटची एसटी दिसते, ती येईपर्यंत त्याला तिथे उभे राहायचे होते. मला त्याच्या मनगटांत आप्पांचे घोटे दिसले. ज्या घरात साखळी होती त्या घरातून मी निघालो होतो आणि तीच गाठ मी स्वतः मारली होती.

डॉक्टरांनी मला त्या चित्रासमोर उभे केले आणि प्युसँची गोष्ट सांगितली. चित्रातल्या पट्टा सोडणाऱ्या माणसाला काय नाव द्यायचे ते तू ठरव, असेही म्हणाले. त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत मला कुणाला धरावे लागले नाही असे नाही. धरावे लागले, क्वचित बांधावेही लागले. पण आधी विचारल्याशिवाय नाही, डॉक्टरांना कळवल्याशिवाय नाही आणि बांधल्यावर शेजारून उठून गेलो नाही.

ही विद्या वॉर्डाबाहेरही लागते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. मी रजा काढून आलो. पत्र्याच्या शेडमधला एक बाप रोज रात्री पहार घेऊन ढिगाऱ्याकडे निघायचा. लोक म्हणाले, याला बाजेला बांधून ठेवू. मी म्हटले, थांबा, मी जातो. कंदील घेऊन मी त्याच्याबरोबर गेलो, तो खणायचा, मी उजेड धरायचो. तिसऱ्या रात्री त्याने पहार खाली ठेवली आणि तो रडला. तोवर तो रडलाच नव्हता.

प्युसँ १८११ साली गेला. पिनेलला मानसन्मान मिळाले, नेपोलियनच्या काळात तो सम्राटाच्या सल्लागार वैद्यांत होता. पण १८२२ साली सरकारने पॅरिसचे वैद्यकीय महाविद्यालय बरखास्त केले, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या पिनेलची प्राध्यापकी गेली. २५ ऑक्टोबर १८२६ रोजी त्याचे निधन झाले. १८८५ साली साल्पेत्रिएरसमोर त्याचा पुतळा उभारला गेला.

आणि साखळ्या? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. अठ्ठावीस माणसे गेली. ती बातमी मी वॉर्डात वाचून दाखवली नाही. त्यानंतर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे आता बेकायदा आहे. रुग्णालयातही रोग्याला बांधून ठेवायचे ते तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपुरतेच. शिक्षा म्हणून नाही. माणसे कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचे कलम वाचताना मला १९८४ची ती रात्र आठवली. आता घरबसल्या १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर सल्लाही मिळतो. पुण्याची वाट न पाहिलेल्या माझ्या आजोबांना असा एखादा आवाज मिळाला असता तर आमच्या गोठ्यात काय घडले असते, हा विचार मनात येतोच.

गेल्या वर्षी आमचे जुने घर पाडले. गोठ्याच्या कोपऱ्यात तो खुंटा तसाच होता, साखळीने घासून एका बाजूने झिजलेला. गडी म्हणाला, चुलीत घालू का? मी नको म्हटले. नातवाने विचारले की हा कशाचा खुंटा. मी त्याला शेजारी बसवले आणि आप्पांचे नाव घेऊन सगळे सांगितले. आमच्या घरात पन्नास वर्षांत हे नाव पहिल्यांदा मोठ्याने घेतले गेले.